सतार शिकायची म्हणतेस, तर आधी हे वाच

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बारावी झाली की सगळं बाजूला ठेवून फक्त सतार वाजवणार म्हणतेस आणि घरच्यांची समजूत मी घालावी अशी तुझी इच्छा आहे. वडिलांशी बोलेन मी. पण आधी तुझ्याशी बोलायचं आहे.

परवा मिरजेत सतारमेकर गल्लीत बसलो होतो, तेव्हा तुझं सगळं लक्ष नक्षीवर होतं. तुझ्या पाठीमागेच एक कारागीर घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, कानस फिरवत होते. दोनदा कानस, मग तार चढवायची, छेडायची, मान खाली घालून ऐकायचं, पुन्हा तार उतरवायची. आपण होतो तोवर त्यांचं तेवढंच चाललं होतं. घोडीचा माथा दिसतो सपाट, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. त्या उतारावर तार घासत थरथरते, म्हणून सतारीचा सूर झंकारत राहतो. हीच जवारी. उतार जरासा बदलला की खुली, झंकारणारी जवारी बंद, म्हणजे कमी झंकाराची होते आणि तीच सतार वेगळी वाटायला लागते.

हे ऐकण्याचं कसब त्या घरांमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी इथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. घराणं शिकलगारांचं, तलवारींना धार लावणारं. सतारीचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, कडू, भाजीला न चालणारा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फार आनंद झाला मला. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. एवढे मोठे गवई, पण वाद्याची दुरुस्ती स्वतः जाणणारे. म्हणून मी तुला पहिल्या वर्षी गती मागणार नाही, कान मागणार आहे.

रोज बसलीस की आधी तरफा लाव, म्हणजे पडद्यांखालच्या, न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा सुरात आण. अकरा ते तेरा तारा, सुरुवातीला अर्धा-पाऊण तास जाईल. मोबाइलवरच्या ट्यूनरवर षड्ज (सा) बघून घे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. बाजाच्या, म्हणजे मुख्य, तारेवर गंधार (ग) वाजवलास आणि खालची गंधाराची तरफ आपणहून बोलली, तर लागली म्हणायची. बोलली नाही तर पुन्हा लावायची. यात वेळ वाया जातो असं तुझी मैत्रीण म्हणाली ना? तो रियाजच आहे.

हे मला फार उशिरा कळलं. चोविसाव्या वर्षी एका स्पर्धेसाठी मी रोज आठ-आठ तास ‘झाला’, म्हणजे वादनातला शेवटचा जलद भाग, वाजवत होतो. डावं मनगट ठणकत होतं, तरी थांबलो नाही. शेवटी पेलाही धरता येईना. चार महिने पडद्यांवर बोट ठेवलं नाही. तेवढ्या काळात उजव्या हाताने रोज तरफा लावायच्या आणि ऐकत बसायचं, एवढंच जमत होतं. माझा शुद्ध गंधार किती चढा लागत होता, हे मला तेव्हा समजलं. तुझं मनगट दुखलं तर त्याच दिवशी थांब, मला फोन कर.

आता पोटापाण्याचं. बी.ए. सोडू नकोस, यावर मी ऐकणार नाही. मैफली गणपती-नवरात्रात मिळतील, दिवाळी पहाटेला मिळतील, पुढे कित्येक महिने कोणी विचारणार नाही. विशारद कर, आकाशवाणीची ऑडिशन दे, श्रेणी मिळाली तर उत्तम. घर मात्र बहुतेकांचं शिकवण्यावर चालतं, माझंही तसंच चाललं. शिकवण्याला कमी लेखणारे भेटतील, त्यांचं मनावर घेऊ नकोस. नवशिक्याची एकेक चूक दुरुस्त करताना माझी मिंड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं, सुधारली आहे.

नवी सतार इतक्यात घेऊ नका. माझी जुनी ने. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, जोर लावू नकोस. उन्हाळ्यात सुटायला लागल्या तर खडू लाव. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पूस, नाहीतर गंजतील.

रविवारी सकाळी ये, सोबत एखादी जुनी गोधडी आण. भोपळ्याला गुंडाळायला लागेल. परत जाताना सांगलीच्या बसमध्ये सतार वर रॅकवर टाकायची नाही, मांडीवर धरून बसायचं.

तुझे,
सर