लेक्सस ईएस म्हणजे नुसती महागडी कॅमरीच का? तिचा इतिहास काय, आणि भारतात कॅमरी सोडून ती घ्यावी का?

नाही. नुसती महागडी कॅमरी नाही. (कॅमरी ही टोयोटाची सेडान, लेक्सस हा टोयोटाचाच आलिशान गाड्यांचा ब्रँड आणि ईएस ही त्यातली एक सेडान.) हाच प्रश्न मी गेली वीस वर्षं माझ्या दाजींच्या तोंडून ऐकतोय, त्यामुळं उत्तर लांबणार आहे.

मी मूळचा इचलकरंजीचा. १९९९ पासून अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनला राहतो (गावाच्या नावाचा आणि गाडीच्या नावाचा संबंध नाही). माझं काम गाड्यांच्या दरवाज्याला लागणाऱ्या रबराचं, म्हणजे आपण ज्याला बीडिंग म्हणतो त्याचं. टोयोटाचा जॉर्जटाउनचा कारखाना इथून अर्ध्या तासाच्या आत आहे आणि तिथं १९८८ पासून कॅमरी बनते. ताई आणि दाजी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ ट्रॉयला. दाजींची सगळी नोकरी अमेरिकन गाड्यांच्या सुट्या भागांत गेली. जपानी गाडीबद्दल त्यांचं मत काय असणार ते सांगायला नको.

२००४ साली मी १९९९ ची ईएस ३०० घेतली. जुनी, सत्तर हजार मैल पळालेली. घरात बायकोची त्याच सालची व्ही-६, म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनाची, कॅमरी होतीच. दाजींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पाव्हणं, कॅमरीला पैठणी नेसवलीय त्यांनी, आणि तुम्ही नवरी म्हणून घरी आणली." हे वाक्य त्यांनी पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितलं. लोक हसायचे. मला ते लागलं, आजही लागतं, कारण गाडीच्या ज्या भागावर माझं पोट चालतं नेमका तोच भाग या दोन गाड्यांत वेगळा आहे.

आधी इतिहास. १९८१ पासून जपानी कंपन्यांनी अमेरिकेत किती गाड्या पाठवायच्या यावर मर्यादा होती. गाड्यांची संख्या वाढवता येत नसेल तर एकेका गाडीमागं जास्त पैसा मिळाला पाहिजे, हा साधा हिशेब. त्यात १९८५ नंतर येन महाग झाला. होंडानं १९८६ मध्ये ॲक्युरा हा आपला आलिशान गाड्यांचा ब्रँड काढला. टोयोटा १९८३ पासून एका मोठ्या गाडीवर गुपचूप काम करत होती, तीच पुढं एलएस ४०० म्हणून आली. पण एकाच गाडीवर शोरूम कशी चालणार? म्हणून शेजारी उभी करायला ईएस २५० आली. दोन्ही जानेवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात दाखवल्या आणि त्याच सप्टेंबरात विक्रीला आल्या. एलएस ३५ हजार डॉलरला, ईएस २१ हजारांच्या आसपास. जपानात कॅमरी प्रॉमिनंट नावाची गाडी विकली जायची, तिचाच हा अवतार. अडीच लिटरचं व्ही-६ इंजिन, १५६ अश्वशक्ती. या पहिल्या गाडीबद्दल दाजींचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. ती पैठणी नेसलेली कॅमरीच होती आणि दोन वर्षांत ती गेली.

पण १९९१ मध्ये आलेली ईएस ३०० ही वेगळी गाडी आहे. सांगाडा कॅमरीचा, पण बाहेरचा पत्रा, काचा, दरवाजे सगळं स्वतंत्र. जपानात ती टोयोटा विंडम नावानं विकली जायची. अमेरिकेत ती इतकी चालली की कित्येक वर्षं लेक्ससची सर्वांत जास्त खपणारी सेडान तीच होती. लोक एलएसचं कौतुक करतात, पण शोरूमचं भाडं ईएसनं भरलं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या गाडीच्या आणि तिच्या पुढच्या, १९९६ ते २००१ च्या पिढीच्या चारही दरवाज्यांच्या काचांना वर चौकट नाही. दरवाजा उघडला की काच नुसती उभी. कॅमरीला मात्र चौकट. चौकट असली की काच तिच्या खाचेत बसते, काम सोपं. चौकट नसली की काच थेट छताच्या कडेच्या बीडिंगवर दाबून बसायला लागते, आणि हमरस्त्यावर वेग वाढला की बाहेरून जाणारी हवा काचेला बाहेर ओढते. अशा दरवाज्याची गाडी शांत ठेवणं अवघड असतं. तरी ती शांत होती. हे कुणी उगाच करत नाही.

माझी गाडी मात्र घेतली तेव्हा शांत नव्हती. ताशी साठ मैलांच्या वर गेलं की ड्रायव्हरच्या कानाशी बारीक शिट्टी वाजायची. एका गॅरेजवाल्यानं चारही दरवाज्यांची बीडिंग बदला म्हणून नऊशे डॉलर सांगितले. मी रबर हातानं दाबून पाहिलं होतं. ते जिवंत होतं, दाबलं की परत वर येत होतं. मी नको म्हणून घरी आलो.

२००५ च्या उन्हाळ्यात आई आली होती. एका रविवारी मी तिची टाल्कम पावडर आणि पफ घेऊन गॅरेजमध्ये गेलो. बीडिंगवर पावडर फिरवली, दरवाजा हळू लावला, उघडला. जिथं रबर काचेला टेकतं तिथं काचेवर पांढरी रेघ उमटते. मागच्या बाजूला रेघ बोटाएवढी रुंद होती, पुढं आरशाकडं येता येता दोऱ्याएवढी झाली, आणि शेवटच्या तीन बोटांत काहीच नव्हतं. म्हणजे रबर चांगलं, काच तिरकी. कुणीतरी आधी काच उतरवून परत बसवली असणार आणि वरचा कोपरा आत ओढून घ्यायचा राहिला असणार. डोअर पॅड, म्हणजे दरवाज्याचं आतलं आवरण, काढलं, दोन क्लिपा तुटल्या, दहा नंबरच्या पान्यानं आतले बोल्ट सैल केले, काच जरा आत झुकवली, परत पावडर. सहाव्या खेपेला रेघ टोकापर्यंत सारखी आली. आई स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, "मागाचा धोटा बसवताना तुझे वडील असंच करायचे. एक पाना, आणि दहा वेळा बघायचं."

आमचे आठ माग होते, घराच्या मागच्या शेडमध्ये. आईचं आयुष्य त्या खडखडाटात गेलं. तिला कमी ऐकू येतं असं सगळे म्हणायचे, पण आवाजातला फरक तिच्याइतका कुणाला कळायचा नाही. चाललेल्या आठ मागांतला एक माग बिघडला की चूल सोडून ती शेडकडं बघायची.

त्या वर्षी गणपतीला ताईकडं गेलो. माणसं पाच आणि सामान फार, म्हणून दोन्ही गाड्या काढल्या. लेक्सिंग्टन ते ट्रॉय जवळजवळ साडेतीनशे मैल, सगळा रस्ता एकच, आय-७५. जाताना आई माझ्याबरोबर ईएसमध्ये होती. पूर्ण सिनसिनाटी ओलांडेपर्यंत बोलली नाही, मला वाटलं झोपली. मग एकदम म्हणाली, "लाईट गेल्यावर मागखान्यात कसं व्हायचं, तसं वाटतंय रे. चिमणी ऐकू यायची तेव्हा." येताना नात हट्ट करून बसली म्हणून आई कॅमरीत बसली. टोलेडोच्या पुढं विश्रांतीला थांबलो तर आई आपली पिशवी घेऊन माझ्या गाडीपाशी येऊन उभी. "मला हिच्यातच बसव. त्या गाडीत कानात घोंघावतंय."

मी हे दाजींना सांगितलं. ते म्हणाले, आई पोराच्याच बाजूनं बोलणार. आई गाडीचं नावसुद्धा ओळखत नव्हती, पांढरी आणि करडी एवढंच तिला माहीत होतं. एकच इंजिन असलेल्या, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अगदी सारखं, म्हणजे २,६७० मिलिमीटर असलेल्या दोन गाड्या. ज्या बाईनं चाळीस वर्षं माग ऐकले, तिनं डोळे मिटून त्यांतली एक निवडली. यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. २००१ च्या पिढीत दरवाज्याला चौकट आली. मला वाईट वाटलं, पण व्यवहाराच्या दृष्टीनं ते बरोबर होतं. नंतर ईएस ३३०. २००६ ला ईएस ३५०, साडेतीन लिटर, २७२ अश्वशक्ती. त्याच साली जपानात विंडम बंद झाली. २०१२ ला पहिली हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी, ईएस ३००एच आली, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गाडी कॅमरीपेक्षा लांब झाली. चाकांतलं अंतर २,८२० मिलिमीटर, कॅमरीचं २,७७५. हे ४५ मिलिमीटर मागं बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळाले. २०१८ च्या गाडीतही कॅमरीशी एवढाच फरक राखलाय. ऑक्टोबर २०१५ मध्ये ईएस ३५० आमच्या जॉर्जटाउनला बनायला लागली, अमेरिकेत जुळलेली पहिली लेक्सस सेडान. टोयोटानं त्यासाठी ३६ कोटी डॉलर घातले. नुसती महागडी कॅमरीच असती तर कॅमरीच्याच लायनीवर चार जादा बटणं लावून गाडी निघाली असती, त्यासाठी वेगळी व्यवस्था उभी करायला कोण पैसे घालेल? २०१८ मध्ये ती जपानात पहिल्यांदा ईएस या नावानं विकली गेली, आणि बाहेरच्या आरशांच्या जागी कॅमेरे बसवलेली उत्पादनातली जगातली पहिली गाडी तीच. २०२५ च्या एप्रिलमध्ये शांघायला जी नवी ईएस दाखवली तिच्यात पूर्ण विजेवरची गाडीही आहे.

आता भारत. लेक्सस भारतात आली मार्च २०१७ मध्ये, ईएस ३००एच तेव्हापासूनच आहे. जानेवारी २०२० पासून ती कर्नाटकात बिडदीला जुळवली जाते. कॅमरी हायब्रिड तिथंच २०१३ पासून बनते. दोन्हींत अडीच लिटरची हायब्रिड यंत्रणा. त्यामुळं तुम्ही स्वतः चालवणार असाल आणि मागं मुलंच बसणार असतील तर कॅमरी घ्या, वाचलेल्या लाखांचं काहीतरी चांगलं करा. मागं आईवडील बसणार असतील, पुणे-कोल्हापूरसारख्या फेऱ्या होणार असतील, तर ईएस. शोरूममध्ये बसून काही कळत नाही. दोन्ही गाड्या हायवेला ऐंशी-नव्वदनं चालवायला सांगा, तुम्ही मागं बसा, गाणी बंद, एसीचा पंखा एकवर, आणि घरातलं म्हातारं माणूस बरोबर न्या. मात्र तुमच्या गावाजवळ वर्कशॉप आहे का ते आधी बघा, बाकी सगळं नंतर.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ही गाडी चालवायला मजा येते असं मी म्हणणार नाही. ती पुढच्या चाकांवर ओढणारी आणि मऊ आहे. १९९७ ते २००२ च्या त्या व्ही-६ इंजिनांत ऑइलचा चिखल होण्याच्या तक्रारी होत्या आणि टोयोटानं आठ वर्षांपर्यंत दुरुस्तीची जबाबदारी घेतली होती, म्हणून जुनी घेणाऱ्यानं ऑइल बदलल्याच्या पावत्या मागाव्यात. त्या इंजिनांचा टायमिंग बेल्ट ९० हजार मैलांना बदलायलाच लागतो. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात ईएस ३५० चा भीषण अपघात झाला, पायाखालची मॅट ॲक्सिलरेटरमध्ये अडकून; त्यानंतर लाखो गाड्यांच्या मॅटसाठी रिकॉल निघाला. आजही दुसऱ्याच गाडीची जाड मॅट घालू नका, कुठल्याच गाडीत. आणि टोलेडोच्या त्या दिवशी आमच्या कॅमरीचे टायर जुने होते, ईएसचे नवे. दाजींना मी हे तेव्हा सांगितलं नव्हतं. तरी टायरचा आवाज खालून येतो, आई कानाशी हात नेऊन दाखवत होती.

ती गाडी मी २०१७ ला विकली, दोन लाख तीस हजार मैलांवर. पुढच्या कोपऱ्यात पावडरची रेघ तेव्हाही सारखी उमटत होती, विकायच्या आदल्या दिवशी मी पाहिलं होतं.

हे उत्तर ताई दाजींना पाठवणार, म्हणून शेवटी त्यांच्यासाठी. दाजी, मे १९९५ आठवा. क्लिंटन सरकारनं १३ जपानी आलिशान गाड्यांची यादी काढली आणि त्यांच्यावर १०० टक्के जकात लावू असं जाहीर केलं. जूनअखेरीला तडजोड झाली म्हणून ती लागली नाही. ताई सांगते, तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी जेवण सोडून बातम्या बघत होता, ती जकात लागावी म्हणून. त्या यादीत ईएस ३०० होती. कॅमरी नव्हती.