‘मुका मार’ की ‘मुक्का मार’? आणि हा मार म्हणजे नेमका कसला?

बातमीत ‘दुचाकीस्वाराला मुका मार लागला’ असं वाचून तुम्ही विचारलंय की काही जण ‘मुक्का मार’ का लिहितात.

‘मुका’च लिहा. कातडी फाटत नाही, रक्त बाहेर येत नाही, मार बसलाय हे अंग बोलून दाखवत नाही, म्हणून तो मुका. मुक्का म्हणजे बुक्की. बुक्कीनेही मुका मार बसतोच, त्यातून हा घोळ झाला असावा. शब्द चालवताना मुक्या माराने, मुक्या मारावर. आणि ‘मार’ गाळू नका, नुसता मुका म्हणजे पापा!

आमच्या खानापूर भागात भातशेतीत काकांना बैलाने बरगडीत ढुसणी दिली. शिंग खुपसलं असतं तर जखम. ढुसणी म्हणजे मुका मार. बेळगावात डॉक्टर कन्नड निघाले. त्यांनी विचारलं, “गाय आगेतेन्री?” कन्नडात ‘गाय’ म्हणजे जखम. काका कण्हत कण्हतच ठासून म्हणाले, “गाय न्हवं ओ, बैल!”

मग मी म्हटलं, ‘ओळपेट्टु’. ओळ म्हणजे आत, पेट्टु म्हणजे मार. आपण म्हणतो मार बोलत नाही, कन्नड माणूस तो कुठे बसलाय ते सांगतो. डॉक्टरांनी लगेच डाव्या बरगड्यांखाली चाचपलं. तिथे पाणथरी, म्हणजे प्लीहा असते. ती फाटली तर वरून कातडी धड दिसते आणि पोटात रक्त साठत जातं, कधी कधी मार लागल्यावर काही दिवसांनीसुद्धा. काकांची सोनोग्राफी स्वच्छ आली.

तेव्हा बातमीतला मुका मार किरकोळच असेल असं धरू नका. कायदाही धरत नाही. मारहाणीत हाड मोडलं, तर रक्ताचा थेंब सांडला नसला तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे ती गंभीर दुखापत ठरते.

घरी काकू आंबेहळद उगाळून बसलेली. पहिल्या दिवशी शेक नको, फडक्यात गुंडाळून बर्फ लाव, एवढंच मी सांगितलं; लेप तिने लावलाच. काळानिळा डाग हिरवट झाला, आठ-दहा दिवसांनी पिवळा पडला. साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडत जातं तसे हे रंग पालटतात. काकूच्या मते ती हळद उतरली होती. मी वाद घातला नाही.