‘सब’ म्हणवून घेतलं, मग नाही म्हणता येतं का?

“मॅडम, मी सब आहे असं त्याला सांगून बसलेय. आता एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं तर ती फसवणूक होईल का?” समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. ‘सब’ म्हणजे सबमिसिव्ह: लैंगिक संबंधांत, कधी त्याबाहेरही, आपखुशीने जोडीदाराच्या हाती सूत्रं देणारी व्यक्ती. विचारणारी बाईच असते असं नाही, पुरुषही विचारतात. इथे सांगतेय ती पुण्यातल्या एका लिव्ह-इन जोडप्याची गोष्ट. दोघांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलून.

दोघं तिशीतले, नोकरदार. डेटिंग अॅपवर तिच्या नावापुढे ‘सब’ होतं, त्याच्या नावापुढे ‘डॉम’, म्हणजे सूत्रं हाती घेणारा. जुळलं म्हणून दोघं खूश, आणि जे बोलायला हवं होतं ते राहूनच गेलं. एकत्र राहायला लागल्यावर तिने ऑफिसला काय घालायचं, मैत्रिणींबरोबर कधी जायचं, हे तो ठरवू लागला. ती चिडली की त्याचं उत्तर तयार असे, “तूच म्हणाली होतीस ना?” त्यात असे संबंध ठेवणाऱ्यांच्या वर्तुळातल्या एका जुन्या-जाणत्या बाईंनी तिला ऐकवलं होतं, की खरी सब सेफवर्ड वापरतच नाही. सेफवर्ड म्हणजे आधी ठरवलेला शब्द. तो उच्चारला की जे चाललंय ते तिथेच थांबतं. त्या बाईंचा सल्ला मला घातक वाटतो, आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं.

अशा वेळी मी आधी दोघांना वेगवेगळं भेटते. भीती असेल तर ती जोडीदारासमोर बाहेर पडत नाही. पगार कुणाच्या हातात असतो, फोन कोण तपासतं, ‘थांब’ म्हटल्यावर तो थांबतो का, हे तिला विचारलं. तो थांबत होता. पगार, फोन तिच्याच ताब्यात होते. ती वैतागलेली होती, घाबरलेली नव्हती. म्हणून पुढे गेले.

दोघांना एकेक कोरा कागद दिला: ‘सब’ म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय काय येतं ते लिहा, एकमेकांचं बघू नका. तिच्या कागदावर मोजक्या ओळी. शनिवारची रात्र. डोळ्यांवर पट्टी चालेल, हात बांधलेले चालतील. शिव्या नकोत. नंतर जवळ घेऊन पडून राहायचं. आईचा फोन आला तर सगळं बंद. त्याचा कागद पाठपोट भरलेला: कपडे, जेवण, सुट्ट्या, कुणाला भेटायचं. आणि तळाशी, बारीक अक्षरात, ‘सगळं मीच ठरवायचं याचा कंटाळा येतो.’

ते वाचून ती आधी हसली, मग भडकली. “अरे मग बोलायचं नाही का?”

“डॉमने असं म्हणायचं नसतं, असं वाटलं मला.”

दोघांपैकी कुणीच खोटं बोललं नव्हतं. असे संबंध ठेवणाऱ्या मंडळींमध्येही या नावांवर एकमत नाही. काहींच्या लेखी टॉप म्हणजे कृती करणारा आणि डॉम म्हणजे सूत्रं ज्याच्या हाती तो. त्यामुळे एखादी व्यक्ती टॉप असूनही दुसऱ्याच्या हुकमाने वागत असू शकते. बॉटम म्हणजे ज्याच्यावर कृती होते तो, पण असा प्रत्येक जण सब नसतो. स्विच दोन्हीकडे रमतात. कुणासाठी ‘सब’ ही चोवीस तासांची ओळख असते, कुणासाठी ठरवलेल्या तासाभरापुरती. मूळ तत्त्वांवरही वाद झालेत. ‘सुरक्षित, शहाणपणाचं, संमतीचं’ हे सूत्र १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या समलैंगिक पुरुषांच्या एका गटातून आलं. पुढे काहींना ‘सुरक्षित’ हा शब्दच फसवा वाटला, म्हणून ‘जोखीम ओळखून दिलेली संमती’ असं दुसरं सूत्र निघालं. संमती मात्र दोन्हीकडे कायम आहे, आणि ती त्या त्या गोष्टीपुरती, कधीही मागे घेता येणारी. कुणी स्वतःला खवय्या म्हणवतो म्हणून त्याच्या ताटात न विचारता सुकट वाढत नाहीत.

तेव्हा तिच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, फसवणूक होत नाही. नाही म्हणणारी सब ही सबच असते.

जाता जाता त्याने हळूच विचारलं, हा काही आजार तर नाही ना? नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत प्रौढांमधला संमतीचा असा व्यवहार आजार म्हणून धरलेला नाही. कायद्याचं मात्र वेगळं आहे. संमती होती म्हणून गंभीर दुखापत माफ होत नाही, हे दोघांनाही सांगितलं.

कपडे आणि मैत्रिणी त्याच्या यादीतून गेल्या. शनिवार राहिला, सेफवर्ड ठरला, आणि सेफवर्ड वापरल्यावर रुसायचं नाही हे तिने हट्टाने लिहून घेतलं. रविवारी सकाळी चहाबरोबर आदल्या रात्रीचं बोलायचं, हेही ठरलं. ‘चोवीस तास’ची त्याची हौस तिला आजही मान्य नाही, त्यावर अजून वाद चालू आहे, आणि चालू द्यावा.

तुमचा जोडीदार ‘तू सब आहेस’ म्हणत पगार काढून घेत असेल, माणसं तोडत असेल, ‘थांब’ ऐकत नसेल, तर मात्र कागद-पेन घेऊन बसू नका. अशा वेळी जोडीने समुपदेशन मी घेत नाही. एकट्याने या, किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. लग्न न करता नवरा-बायकोसारखं राहणाऱ्या बाईलाही २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा लागू होतो.