तुमचे प्रश्न : पैसे भरून समुद्राचं काम करायला जावं का?

प्रश्न : ताई, मी 25 वर्षांची आहे, कॉमर्स शिकलेय, पोहता येतं पण डायव्हिंग कधी केलेलं नाही. नोकरी बदलताना दोन महिने मोकळे मिळतायत आणि मला उष्ण कटिबंधातल्या कुठल्यातरी किनाऱ्यावर प्रवाळांच्या सर्व्हेला व्हॉलंटियर म्हणून जायचंय. घरचे म्हणतात पैसे भरून राबायला कशाला जायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही शंका आहे की माझा तिथं काही उपयोग होईल का?

उत्तर : होतो, नक्की होतो. त्यासाठी बायोलॉजीची डिग्री लागत नाही, चिकाटी लागते, आणि आकड्यांचा कंटाळा नसणं हा तुझा गुण तिथं फार कामाला येईल बघ. रीफ चेक या प्रवाळांवर काम करणाऱ्या संस्थेची पद्धत घे, 1997 पासून जगभर साधी माणसंच ती वापरतायत. 100 मीटरची टेप प्रवाळावर अंथरायची, तिच्यावर 20-20 मीटरचे चार तुकडे मोजायचे, मध्ये 5 मीटर सोडायचे, आणि दर अर्ध्या मीटरला टेपच्या बरोबर खाली काय आहे ते लिहायचं. म्हणजे एका टेपवर 160 नोंदी. एका हातात प्लास्टिकची पाटी, तिला दोरीनं बांधलेली साधी पेन्सिल, लाट तुला दोन हात पुढं नेते नि दोन हात मागं आणते आणि त्या हेलकाव्यात तुला ठरवायचं असतं की खाली आहे ते जिवंत प्रवाळ, नुकतंच मेलेलं प्रवाळ की नुसता दगड. मी गेले होते तेव्हा चौथ्या दिवसापर्यंत मला हे दगडाचं कोडं सुटत नव्हतं, मग शिकवणारीनं बोटानं एकच बारीकशी खूण दाखवली, नुकत्याच मेलेल्या प्रवाळावर त्याच्या बारीक कोशांची नक्षी अजून ओळखू येते, आणि तिथून पुढं डोळे उघडले.

मासे मोजणं त्याहून अवघड. पाण्याखाली मास्कमधून सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे नवखा माणूस 30 सेंटीमीटरचा मासा बेधडक 40 चा लिहितो, म्हणून आधी ठरावीक लांबीचे पाइपचे तुकडे पाण्यात धरून नजर बसवून घेतात, माशांच्या ओळखीची परीक्षा घेतात, आणि चांगल्या ठिकाणी ती पास होईपर्यंत तुझे आकडे धरतच नाहीत. हे सगळं होईस्तोवर दोनेक आठवडे जातात म्हणूनच मी म्हणते की जायचं तर किमान सहा आठवडे जा, दोन आठवड्यांत तू शिकून परत येशील, काम दुसरंच कुणीतरी करेल.

आता पैशाचं. मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावर आंदावादोआका नावाचं वेझो मच्छीमारांचं गाव आहे. तिथं ब्लू व्हेंचर्स या सागरी संवर्धन संस्थेच्या मोहिमा चालायच्या, व्हॉलंटियर फी भरायचे आणि त्या फीवर गावातलं बरंचसं काम उभं राहिलं. ओहोटीला बायका लांब सळई घेऊन उघड्या पडलेल्या खडकांवर ऑक्टोपस शोधतात, घरखर्च त्यावर चालतो. 2004 मध्ये गावानं एका खडकाचा पट्टा सात महिने बंद ठेवला. ऑक्टोपस झपाट्यानं वाढतो, त्यामुळे उघडल्यावर मोठे मोठे ऑक्टोपस हाताला लागले, ते बघून शेजारची गावं पुढं आली आणि 2006 मध्ये अनेक गावांनी मिळून वेलोंद्रियाके हे स्वतःचं राखीव क्षेत्र केलं, नियमही त्यांचेच, 'दिना' या परंपरेनं चालत आलेल्या गावकायद्यानं पाळले जाणारे. बंद कधी करायचं, कधी उघडायचं हे गाव ठरवत होतं, बाहेरच्यांनी मोजलं आणि हातभार लावला, मला वाटतं फी भरण्याला अर्थ येतो तो इथं.

म्हणून संस्थेला थेट विचार, लाजू नकोस: मागच्या वर्षीचे आकडे कुणाला दिले, गावाला त्यांच्या भाषेत दाखवले का, गावातल्या किती जणांना पगारावर घेतलंय, डायव्ह शिकवणारे तिथलेच आहेत का. उत्तरात नुसते फोटो आले तर दुसरीकडे बघ.

प्रश्न : माझं वय 52, डायव्हिंगची भीती वाटते. मला काही करता येईल का?

उत्तर : भरपूर. खारफुटीची रोपं मोजणं, समुद्री गवताचं सर्वेक्षण, आणि कासवं! कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरोला 1959 पासून सी टर्टल कन्झर्व्हन्सी काम करतेय, रात्री किनाऱ्यावर गस्त असते, पांढरा टॉर्च अजिबात नाही, लाल उजेड तोही गरजेपुरता. मादी अंडी घालायला लागली की तिच्यामागं वाळूत आडवं पडून, हातात ग्लोव्ह घालून, खड्ड्यात पडणारं एकेक अंडं मोजायचं, शंभराच्या आसपास असतात, ओलसर, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. वाळू जास्त तापली तर पिल्लं बहुतेक माद्याच होतात, म्हणून वाळूचं तापमानही लिहितात. चालायची मात्र सवय करा, वाळूत रात्रभर चालणं गुडघ्यांना जाणवतं.

प्रश्न : प्रवाळाचे तुकडे लावण्याच्या मोहिमांना जावं का? फोटो फार छान असतात.

उत्तर : जा, पण आधी तिथलं पाणी किती तापतं ते विचारा. नेहमीच्या उन्हाळ्याच्या कमाल तापमानापेक्षा एक अंश जास्त, असं चार आठवडे राहिलं की प्रवाळ आपल्या आत राहणारं शेवाळ बाहेर टाकून पांढरं पडायला लागतं, आणि लावलेल्या तुकड्यांना वेगळी सूट मिळत नाही. 2023 च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात तर समुद्रातल्या नर्सरीत वाढवलेली प्रवाळं उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावी लागली. एप्रिल 2024 मध्ये जगभरातली ब्लीचिंगची, म्हणजे प्रवाळं अशी पांढरी पडण्याची, चौथी मोठी लाट जाहीर झाली. जिथं मासेमारीचे नियम, सांडपाणी याकडेही लक्ष दिलं जातंय तिथं लावण करण्यात जीव ओता.

आणि डायव्हिंग करणाऱ्या सगळ्यांनाच, डॉक्टरला आधीच सांगा की पाण्यात उतरणार आहे, मलेरियासाठीचं मेफ्लोक्विन डायव्हरना देत नाहीत, दुसरं औषध मिळतं. प्रवाळाचा ओरखडा लगेच स्वच्छ धुवा, तो लवकर चिघळतो. रोज डायव्ह करत असाल तर शेवटच्या डायव्हनंतर किमान 18 तास विमानात बसू नका, परतीचं तिकीट काढतानाच हे धरून चाला.