कॅनकूनहून एका दिवसात चिचेन इत्झा, वायादोलिद आणि सेनोतेमध्ये (खडकातल्या नैसर्गिक कुंडात) पोहणं: टूर घ्यावी का, आणि घेतली तर कोणती?

घ्या. तुमच्यासोबत सत्तरीकडे झुकलेले आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी आहे, मुक्काम मेक्सिकोतल्या कॅनकूनच्या हॉटेल झोनमध्ये आहे आणि हातात एकच मोकळा दिवस आहे. अशा वेळी गाडी दुसऱ्याने चालवलेली बरी. मात्र टूर निवडताना कंपनीचं नाव, रेटिंगच्या चांदण्या आणि बुफेचे फोटो बाजूला ठेवा. पहिला प्रश्न एकच विचारा: चिचेन इत्झाच्या, म्हणजे प्राचीन माया नगराच्या अवशेषांच्या, फाटकाशी तुम्ही आम्हाला किती वाजता उभं करणार? उत्तर साडेआठच्या आत असेल तर पुढचं बोला. "सकाळी लवकर निघतो" हे उत्तर धरू नका.

कॅनकून ते चिचेन इत्झा साधारण 200 किलोमीटर, टोलच्या महामार्गाने अडीच तास. वायादोलिद हे जुनं शहर त्याच वाटेवर, चिचेन इत्झाच्या अलीकडे 45 किलोमीटरवर. म्हणजे पाच तासांहून अधिक वेळ नुसता बसमध्ये जातो. उरलेल्या वेळात तीन ठिकाणं बसवायची, तर एकाचा बळी जातोच, आणि स्वस्त टूरमध्ये तो हमखास वायादोलिदचा जातो. जाहिरातीत शहराचं नाव असतं, प्रत्यक्षात चौकात वीस-तीस मिनिटं बस थांबते आणि लोक आइस्क्रीम खाऊन परत चढतात. म्हणून दुसरा प्रश्न: वायादोलिदमध्ये किती मिनिटं? दीड तासापेक्षा कमी असेल तर तो थांबा आहे, भेट नव्हे.

आता घड्याळाची भानगड. कॅनकून किंताना रो राज्यात आहे, चिचेन इत्झा आणि वायादोलिद युकातान राज्यात. युकातानची वेळ कॅनकूनपेक्षा एक तास मागे असते, आणि आता वर्षभर तशीच असते. कॅनकूनहून सहाला निघालात तर युकातानमध्ये तेव्हा पाच वाजलेले असतात, आणि फाटक आठला उघडायच्या आधी तुम्ही तिथे पोहोचता. जाताना मिळालेला तास परतताना मात्र जातो. फोन राज्याची हद्द ओलांडल्यावर कधी आपोआप वेळ बदलतो, कधी नाही, आणि कुटुंबातल्या दोघांच्या फोनवर दोन वेगळ्या वेळा दिसतात. गाइडने "अकराला बसपाशी या" म्हटलं की त्याच्या मनगटावरचं घड्याळ बघून घ्या. बस चुकण्याचं हे सगळ्यात साधं कारण आहे.

मोठ्या बसची टूर उशिरा का पोहोचते तेही समजून घ्या. हॉटेल झोन हा वीसेक किलोमीटर लांब पट्टा आहे. छोट्या गाड्या हॉटेलांमधून लोक गोळा करतात, एखाद्या मॉलपाशी सगळ्यांना उतरवतात, भाषेप्रमाणे बसमध्ये वाटणी होते, आणि यात तास-सव्वा तास जातो. मग वाटेत हस्तकलेचं दुकान. तिथे तुमचं नाव माया चिन्हांत लिहिलेली पाटी, टकीलाची चव, चांदीचे दागिने, आणि पाऊण तास गायब. बऱ्याच टूर आधी सेनोते आणि जेवण उरकून अवशेषांकडे दुपारी वळतात. मुख्य मैदानात सावलीचं एक झाड नाही. दुपारी एकच्या उन्हात आई-वडिलांना तिथे तासभर उभं करणं म्हणजे उरलेल्या दिवसावर पाणी सोडणं. क्रम हवा तो असा: आधी अवशेष, मग पाणी, मग जेवण, शेवटी शहर. युकातानच्या वेळेने आठ ते पावणेअकरा चिचेन इत्झा, सव्वाअकरा ते साडेबारा सेनोते, दोनपासून चारपर्यंत वायादोलिद, आणि कॅनकूनच्या वेळेने सात-साडेसातला हॉटेल.

पैशांचं बोलू. "सर्व समाविष्ट" लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात प्रवेशशुल्क वेगळं. चिचेन इत्झाला दोन शुल्कं लागतात, एक केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेचं आणि एक युकातान राज्याचं. परदेशी प्रौढाला मिळून 600 पेसोंच्या वर जातं, आणि दर जवळपास दरवर्षी वाढतो. ही रक्कम बसमध्ये रोख गोळा करतात, डॉलरमध्ये दिलीत तर भाव त्यांचा. म्हणून पेसो काढूनच निघा. व्हिडिओ कॅमेऱ्याची पावती वेगळी फाडावी लागते, ड्रोन चालत नाही. सेनोतेवर लॉकर आणि लाइफ जॅकेटचं भाडं, बुफेमध्ये पेय, शेवटी गाइड आणि चालकाला टिप हे सगळं धरून माणशी आणखी 300-400 पेसो हाताशी असू द्या.

गाइडची भाषाही विचारून घ्या. द्विभाषिक टूरमध्ये प्रत्येक गोष्ट आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत सांगतात. तासाच्या माहितीला दोन तास लागतात आणि दहा वर्षांचं मूल दुसऱ्याच थांब्यावर कंटाळतं.

अवशेषांमध्ये काय बघाल? कुकुल्कान या सर्पदेवाचा पिरॅमिड वरच्या मंदिरासह साधारण 30 मीटर उंच आहे. चारही बाजूंना प्रत्येकी 91 पायऱ्या आणि वरचा ओटा धरून 365 होतात. 2006 पासून वर चढायला बंदी आहे, त्यामुळे कोणी "चढता येतं" म्हणत असेल तर त्याची माहिती जुनी आहे. उत्तरेच्या जिन्यासमोर उभं राहून एक टाळी वाजवा. पायऱ्यांवरून परत येणारा आवाज पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा लागतो, मुलीला हे नक्की आवडेल. शेजारचं चेंडूचं मैदान 168 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद आहे. भिंतींवर उंच बसवलेली दगडी कडी आणि खालच्या पट्टीवर शिरच्छेद झालेल्या खेळाडूचं कोरीव काम नीट बघा, गाइड घाईत असेल तरी. त्याला लागूनच कवट्यांच्या रांगा कोरलेला चौथरा आहे.

गाइड साधारण तासभर बोलतो आणि पाऊण तास मोकळा सोडतो. बहुतेक लोक त्या वेळात पवित्र सेनोतेकडे जातात. तिथे जाणारी जुनी माया वाट तीनेकशे मीटरची आहे, दोन्हीकडे विक्रेते, आणि टोकाला हिरवं पाणी लांबून बघायचं. तिथे पोहता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्प्सन या अमेरिकन वकिलाती अधिकाऱ्याने त्याचा गाळ उपसून सोनं, जेड आणि माणसांची हाडं बाहेर काढली, आणि त्यातलं बरंचसं हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात गेलं. इतिहास मोठा आहे, पण पाऊण तासच असेल तर माझं मत उलट दिशेचं. दक्षिणेकडे चालत जा, तिथे गोल घुमटाची वेधशाळा आहे, गर्दी निम्मी आणि झाडांची सावली आहे.

विक्रेत्यांशी नजरानजर झाली की भाव सुरू होतो. जग्वारच्या डरकाळीची शिट्टी मुलीला हवी असणारच. फाटकाजवळ सांगितलेला भाव आतल्या टोकाला बराच उतरतो, तेव्हा घ्यायची तर परतताना घ्या.

सेनोतेबद्दल सविस्तर सांगतो, कारण गैरसमज इथेच जास्त. उत्तर युकातानमध्ये जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या नाहीत. पावसाचं पाणी चुनखडकात झिरपतं, खाली पोकळ्या होतात, आणि कुठे छत कोसळलं की खालचं पाणी उघडं पडतं. तोच सेनोते. टूरवाले बहुधा इक किलला नेतात, तो चिचेन इत्झापासून अगदी जवळ आहे. तोंडाचा व्यास 60 मीटर, पाणी जमिनीपासून 26 मीटर खाली, आणि पाण्याची खोली 40 मीटरहून अधिक. बारवेत उतरावं तसं ओल्या दगडी पायऱ्यांनी उतरायचं असतं. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर वरच्या कठड्यावरून बघणं पुरे, दृश्य तिथूनही छान दिसतं. पाय टेकायला तळ मिळत नाही. समुद्रात आरामात तरंगणारा माणूसही गोड्या पाण्यात जास्त बुडतो, म्हणून पोहता येणाऱ्यांनीही लाइफ जॅकेट घालावं, आणि इक किलला ते सक्तीचंच आहे. पाणी साधारण 24-25 अंश, पहिल्या डुबकीला हुडहुडी भरते.

वायादोलिदजवळचे पर्याय: सुयतुन फोटोत दिसतो तो, गोल दगडी ओटा आणि वरून पडणारा उजेडाचा झोत. तिथे ओट्यावर उभं राहायला रांग असते आणि जोराच्या पावसानंतर ओटाच पाण्याखाली जातो. पोहायचं असेल तर त्यापेक्षा द्झितनुपचे श्केकेन आणि सामुला चांगले. साकी तर शहरातच आहे, चौकातून चालत जाण्याइतका.

पाण्यात उतरण्याआधी शॉवर सक्तीचा असतो, आणि सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावून उतरता येत नाही, कारण हेच पाणी पुढे भूगर्भात जातं. सकाळी अवशेषांत लावलेलं सनस्क्रीन इथे धुऊन जाणार आणि दुपारी वायादोलिदमध्ये कातडी भाजणार. बाटली सोबत ठेवा, कपडे बदलल्यावर पुन्हा लावा. मुलीला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला. पायात पट्टा असलेली रबरी चप्पल, पिशवीत कोरडे कपडे आणि ओल्यांसाठी प्लास्टिकची पिशवी.

जेवण. कोचिनिता पिबिल हा इथला मानाचा पदार्थ: आंबट संत्र्याच्या रसात आणि आचिओतेच्या लाल वाटणात मुरवून केळीच्या पानात शिजवलेलं डुकराचं मांस. शाकाहारी असाल तर काळ्या घेवड्याच्या उसळीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, ती बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेली असते. "सिन मान्तेका?" असं विचारून घ्या. भोपळ्याच्या बियांची सिकिल पाक ही चटणी टोर्टियाबरोबर निर्धोक आणि आपल्या जिभेला ओळखीची. टेबलावरच्या वाटीतली हबानेरो या जहाल मिरचीची चटणी मात्र कोल्हापूरकरानेही आधी टोकाने चाखावी.

वायादोलिद 1543 मध्ये दुसरीकडे वसलं आणि 1545 मध्ये साकी या माया नगरावर हलवलं गेलं. जुन्या माया वास्तूंचे दगड स्पॅनिश इमारतींत गेले, आणि सकाळी बघितलेल्या अवशेषांनंतर हे शहर बघण्यात खरी गंमत आहे ती हीच. चौकाच्या दक्षिणेला सान हेर्वासिओ चर्च आहे. आत एका खुनानंतर अपवित्र ठरलेलं जुनं चर्च पाडून 1706 मध्ये ते पुन्हा बांधलं, म्हणून त्याचं तोंड नेहमीच्या पश्चिमेऐवजी उत्तरेला आहे. नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर शहराच्या इतिहासाची भित्तिचित्रं आहेत. तिथून तिरक्या काल्सादा दे लोस फ्राइलेस या रस्त्याने पंधरा मिनिटं चालत गेलात की सान बेर्नार्दिनोचा मठ लागतो. 1552 मध्ये सुरू झालेल्या या मठाच्या आवारात सेनोतेवरच बांधलेली पाण्याची रहाट-विहीर आहे. आई-वडिलांना चालवत नसेल तर टॅक्सी करा, अंतर कमी आहे. चौकात परतल्यावर मुलीला मार्केसिता द्या, कुरकुरीत गुंडाळीत किसलेलं एदाम चीज आणि चॉकलेट.

स्वतः गाडी चालवून जायचं असेल तर वायादोलिदला आदल्या रात्री मुक्काम करणं हाच खरा फायदा, कारण तिथून चिचेन इत्झा पाऊण तासावर आहे. त्याच दिवशी परतायचं असेल तर टूर बरी. टोलनाक्यासाठी पेसो रोख ठेवा आणि टाकी आधीच भरून घ्या, टोलच्या रस्त्यावर पंप मोजकेच आहेत.

रविवार टाळा. त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना पुरातत्त्व संस्थेचं शुल्क माफ असतं आणि रांग लांबते. 20-21 मार्चच्या आसपास पायऱ्यांच्या कठड्यावर सर्पाची सावली बघायला प्रचंड गर्दी लोटते. आई-वडील सोबत असताना तो हट्ट नको. एप्रिल-मे सगळ्यात तापलेले, जून ते ऑक्टोबर दुपारी पावसाचे. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम, पण बस भरलेल्या असतात, तेव्हा पहाटेची छोटी व्हॅन आठवडाभर आधी पक्की करा. पैसे भरण्यापूर्वी फाटकाची वेळ, वायादोलिदची मिनिटं, सेनोतेचं नाव, गाइडची भाषा आणि प्रवेशशुल्क या पाचही गोष्टी त्यांच्याकडून लेखी घ्या. आणि परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं असेल तर सामान आदल्या रात्रीच भरून ठेवा, या टूरवरून आल्यावर कोणाच्या अंगात ताकद उरत नाही.