वात्सुजी वाचतीयेस तर आधी हे ऐक

अगं, तुझा लांबलचक मेल वाचला. जपानी तत्त्वज्ञ वात्सुजी तेत्सुरो तुला आवडला याचा आनंदच आहे, पण तू लिहिलेलं ते "पाश्चात्य लोक मी-मी करणारे आणि जपानी लोक आपण म्हणणारे" हे वाक्य पहिलं खोडून टाक बाई. एवढंच सांगायचं असतं तर 'रिनरिगाकु'चे, म्हणजे त्याच्या नीतिशास्त्राचे, तीन खंड लिहायला त्याला १९३७ ते १९४९ कशाला लागले असते!

१९२७ मध्ये तो बर्लिनला गेला तेव्हा जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचं 'अस्तित्व आणि काळ' हे मोठं पुस्तक नुकतंच आलेलं. वाचून भारावला, आणि खटकलंही, की हा काळाबद्दल एवढं बोलतो मग जागेला इतकं कमी महत्त्व का देतो? आता बघ, हायडेगरचा काळ मरणाशी बांधलेला, आणि मरण ज्याचं त्यालाच मरावं लागतं, त्यामुळे नुसता काळ धरला की माणूस एकटा पडतो, पण जागा म्हटली की शेजारी दुसरं कुणीतरी असतंच. मग वात्सुजीने हवामान आणि माणूस यांच्यावर 'फूदो' लिहिलं, १९३५ चं. त्यात थंडीचं उदाहरण आहे ते नीट वाच. थंडी आधी माझ्या कातडीला कळते आणि मग मी बाहेरच्या हवेबद्दल अंदाज बांधते, असं नसतं म्हणतो तो, आपण सगळे मिळूनच थंडीत असतो, म्हणून तर समोरच्याला "काय गारठा पडलाय" म्हटलं की ते लगेच पोचतं. नीतिशास्त्राच्या ग्रंथात हा माणूस टपाल न् रस्त्यांबद्दल लिहितो, ते उगाच नाही, माणसं जोडली जातात ती त्यांनीच.

आता तुझं खरं प्रकरण. घरच्यांचं ऐकायचं, स्वतःला विसरायचं, हेच आइदागारा, असं लिहिलंयस तू. नाही गं! माणसामाणसांमधल्या त्या नात्याला तो आइदागारा म्हणतो हे बरोबर, पण ते नातं जिवंत राहतं दोन नकारांवर. आधी मी समूहाला नाही म्हणून वेगळी होते, मग त्या वेगळेपणालाही नाही म्हणून परत येते, आणि हे चालूच राहतं, कायमचं कुठेच थांबायचं नाही (मागे बौद्धांची शून्यता आहे, त्यावर सावकाश बोलू). तू पहिला नकार गाळलास आणि थेट दुसऱ्यावर आलीस. जी कधी वेगळीच झाली नाही ती परत कुठून येणार?

खरं तर तोल त्याचाही गेलाच. राज्यसंस्थेला त्याने सगळ्या नात्यांच्या वर बसवलं, १९४४ मध्ये सम्राटाच्या प्रजेची निष्ठा कशी असावी यावर पुस्तिका काढली. म्हणजे ऐन युद्धात, जेव्हा पहिल्या नकाराची सगळ्यात जास्त गरज होती! त्याच्यावर त्याआधीच कडक टीका करणारा मार्क्सवादी तत्त्वज्ञ तोसाका जुन मात्र तुरुंगात गेला आणि ९ ऑगस्ट १९४५ ला नागानोच्या तुरुंगातच वारला, युद्ध संपायला आठवडासुद्धा उरला नव्हता. प्रबंधात दोघांना शेजारी ठेव, नाहीतर माझ्याकडून सही मिळणार नाही.

घरच्या लग्नाच्या विषयावर मी मत देत नाही, तो तुझा प्रश्न आहे, फक्त वात्सुजीला तुझ्या बाबांचा वकील करू नकोस.

'फूदो'मधली मान्सूनवाली पानं या आठवड्यात वाच. भारतीय माणूस सोशिक, भावनेने भरलेला, इच्छाशक्तीत ढिला, असं काय काय लिहिलंय त्यात. चिडशील, मीपण चिडलेले. त्या चिडीत दोन पानं खरड आणि शुक्रवारपर्यंत पाठव, सुधारत बसू नकोस.