खालच्या डिव्हिजनचा क्लब निवडताना: भाच्याला पत्र

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. 'फुटबॉल मॅनेजर' या कॉम्प्युटर गेममध्ये इंग्लंडच्या फुटबॉलच्या सहाव्या पायरीवरून सुरुवात करायची ठरवलीस, हे वाचून फार बरं वाटलं. तुझे मित्र मँचेस्टर सिटी आणि रिअल माद्रिद घेऊन खेळून राहिलेत, त्यांना खेळू दे. तिथे अडलं की नवा खेळाडू विकत घेतात. नॅशनल लीग नॉर्थमध्ये, म्हणजे तुझ्या या सहाव्या पायरीवर, ती सोय नाही. जे आहेत त्यांच्याकडूनच काम करून घ्यावं लागतं, आणि मला या खेळाचा सगळा रस त्यातच वाटतो.

क्लब कोणता, हे तू विचारलंस. रेक्सहॅम घेऊ नकोस. २०२३, २०२४ आणि २०२५ असा सलग तीन वर्षं तो वरच्या डिव्हिजनमध्ये गेला. इंग्लंडच्या वरच्या पाच डिव्हिजनमध्ये असं त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं. पण मागे हॉलिवूडचे दोन नट मालक होते, आणि आता तो खालच्या डिव्हिजनचा राहिलाही नाही. तुला असा क्लब हवा जिथे माणसं जीव लावणारी आहेत आणि तिजोरी रिकामी आहे.

माझं मत हेरफर्डला. जुना हेरफर्ड युनायटेड २०१४ च्या डिसेंबरात कर्जापायी बंद झाला. चाहत्यांनी नवा क्लब उभा केला, तो एडगर स्ट्रीट या जुन्याच मैदानावर खेळू लागला आणि सलग तीन मोसम जिंकत २०१८ मध्ये नॅशनल लीग नॉर्थमध्ये आला. पुढची कित्येक वर्षं मात्र तिथेच राहिला. तिथून पुढे न्यायचं काम तुझं. याच मैदानावर फेब्रुवारी १९७२ मध्ये, मुख्य लीगबाहेर असलेल्या हेरफर्डने एफए कपमध्ये (लहानमोठे सगळे क्लब खेळतात ती बाद पद्धतीची स्पर्धा) सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या डिव्हिजनच्या न्यूकॅसलला २-१ असं हरवलं. चिखलातून लांबवर बॉल मारून बरोबरी साधणारा रॉनी रॅडफर्ड पेशाने सुतार होता. हे लक्षात ठेव, कारण तुझ्या टीममध्येही असेच लोक असणार.

डार्लिंग्टनही चांगला पर्याय आहे, पण त्याची गोष्ट आधी वाच. २००३ मध्ये त्यांनी २५,००० आसनांचं स्टेडियम बांधलं. प्रेक्षक यायचे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्या स्टेडियमने क्लबच बुडवला, २०१२ मध्ये सगळं नव्याने सुरू करावं लागलं. म्हणून गेममध्ये क्लबचं पान उघडलंस की टॅक्टिक्स पाहण्याआधी फायनान्स बघ. कर्ज किती, मैदान स्वतःचं की भाड्याचं, सरासरी प्रेक्षक किती. हजार-दीड हजार लोक दर सामन्याला नेमाने येत असतील तर क्लब तगून राहतो.

सेव्ह, म्हणजे नवा गेम, सुरू करताना एक गोष्ट विसरू नकोस. लॅपटॉप जुना असेल तर लीग कमी निवड, पण डेटाबेसमध्ये इंग्लंडचे सगळे खेळाडू लोड कर. नाहीतर जुलैमध्ये फ्री एजंट, म्हणजे कुठल्याच क्लबशी करार नसलेले खेळाडू, शोधायला जाशील आणि यादी रिकामीच दिसेल.

आता खेळाडू आणि डावपेच. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण खालच्या डिव्हिजनचे बहुतेक सेव्ह इथेच मरतात. क्लब सेमी-प्रो असतो. खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि आठवड्यातून मोजके दिवस सरावाला येतात. तुला हे समजावून सांगायची गरज नाही. कामठीच्या मैदानांवर संध्याकाळी ड्युटी संपवून बूट बांधणारे लोक तू लहानपणापासून पाहिलेस. त्यांच्याकडून नव्वद मिनिटं पळापळीचं हाय प्रेसिंग, म्हणजे समोरच्याला त्याच्याच अर्ध्या मैदानात घेरणं, मागितलंस, तर मोसमाच्या ४६ सामन्यांतल्या पंधराव्यापर्यंत अर्धी टीम जायबंदी होईल. साधं ४-४-२ खेळ. बचावात उंच, धाडसी माणसं ठेव, पुढे एक खरा वेगवान पोट्टा ठेव आणि कॉर्नर व लांब थ्रो यांवर वेळ घाल. हिवाळ्यात मैदानं खराब झाली की नाजूक पासिंग चालत नाही, अशा सेट पीसवर मात्र गोल होतच राहतात.

खेळाडू निवडताना गेममध्ये प्रत्येक गुणाला २० पैकी किती ते बघशीलच, पण टेक्निकच्या आधी वर्क रेट (मेहनत) आणि डिटरमिनेशन (जिद्द) बघ. प्री-सीझनमध्ये कराराविना असलेल्यांना ट्रायलला बोलाव. ट्रायलचा खर्च फारसा नसतो आणि स्काउटने न दाखवलेले आकडे हळूहळू उघडे पडतात. ज्याला ठेवायचंय त्याच्याशी लगेच पार्ट-टाइम करार कर. नॉन-कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे पक्क्या कराराविना ठेवलेला तुझा सर्वांत चांगला स्ट्रायकर एखादा वरचा क्लब नोव्हेंबरात एक पैसा न देता उचलून नेईल.

लोनवर, म्हणजे उसने, मोठ्या क्लबचे पोट्टे जरूर आण. पगाराचा भार बहुतेक वेळा तेच क्लब उचलतात. पण मोसम संपला की ते परत जातात, त्यामुळे टीमचा कणा लोनवर उभा करू नकोस. मधला बचावपटू आणि कॅप्टन तरी तुझेच असू दे.

एफए कप तुझ्या डिव्हिजनसाठी सप्टेंबरातच सुरू होतो, दुसऱ्या पात्रता फेरीपासून. तो हलक्यात घेऊ नकोस. प्रत्येक फेरी जिंकल्याचे पैसे मिळतात, आणि वर मोठ्या क्लबशी गाठ पडली तर एका सामन्यातून खजिना भरतो. तो पैसा हाती आला की बोर्ड कदाचित फुल-टाइम व्हायचं म्हणेल. घाई करू नकोस. फुल-टाइम झालास की सगळे करार नव्याने, पगार वाढवून, आणि ज्याची नोकरी चांगली आहे तो खेळाडू नाहीही म्हणेल. वरच्या, म्हणजे पाचव्या पायरीच्या नॅशनल लीगमध्ये पोचून एक मोसम स्थिर काढल्यावरच मी ते केलं असतं.

आणि हरलास तर गेम पुन्हा लोड करू नकोस. ३-० ची हार तशीच ठेव, पुढच्या शनिवारी नवी टीम लाव. सात-आठ मोसम त्याच क्लबमध्ये काढलेस की यूथ इनटेकमधून (क्लबात दरवर्षी येणाऱ्या पोरांच्या तुकडीतून) आलेला सोळा वर्षांचा मुलगा तुझ्या डोळ्यांसमोर कॅप्टन होतो. असा खेळाडू तयार होताना पाहण्याचा आनंद कुठल्याही ट्रॉफीने मला दिलेला नाही.

ताईला सांग, दिवाळीत येतोय. त्याआधी पहिल्या मोसमाच्या खेळाडूंची यादी पाठव, प्रत्येकाचा करार केव्हा संपतो ते समोर लिहून. टॅक्टिक्स त्यानंतर बघू.

तुझा मामा
नागपूर